फहाहीलच्या बसमध्ये पकडलेली सीट

"थांब! अरे थांब! ती सीट माझी हाय! पकडलेली हाय!"

मामू ओरडत धावत होते आणि बस धुरळा उडवत शहराच्या रस्त्याला लागली होती. मामूंच्या हातात अजून चहाचा ग्लास होता. त्यांच्या आवाजाने कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारातली माणसं, बकऱ्या, एवढंच काय, समुद्रसुद्धा दोन पावलं मागे सरला असेल. बस तेवढी थांबली नाही.

मामू माझे सख्खे कुणी नव्हेत. रत्नागिरीकडच्या आमच्याच गावचे, वयाने मोठे, म्हणून मामू. एका कंत्राटदाराच्या मेसमध्ये ते आचारी होते आणि मी त्याच्याच स्टोअरवर. सात वर्षं त्यांनी गावाचं तोंड पाहिलं नव्हतं. महिन्यापूर्वी पत्र आलं: आईने अंथरूण धरलंय, दारात येईल त्याला तू समजून हाक मारते, असशील तसा ये. मोठ्या मिनतवारीने सुट्टी मिळाली. मुंबईची बोट त्या दिवशी दुपारी दोनला शुवैख बंदरातून सुटणार होती. आम्ही सकाळी नऊलाच फहाहीलच्या स्टँडवर हजर.

कुवेतमध्ये तेव्हा या नव्या बसगाड्या नुकत्याच सुरू झालेल्या. त्याआधी आम्ही लॉरीत सिमेंटच्या पोत्यांवर बसून हिंडायचो. उतरल्यावर कुणी अंगावर पाणी टाकलं तर जागच्या जागी पुतळा व्हायची भीती. त्यामुळे खिडक्यांची बस बघितली की मामूंना गावची एस.टी. आठवायची. आणि एस.टी.त सीट पकडण्यात मामूंचा हात धरणारा अख्ख्या कोकणात नव्हता. गाडी स्टँडात वळतेय न वळतेय तोच खिडकीतून त्यांचा रुमाल आत! एकदा तो ड्रायव्हरच्याच सीटवर पडला आणि पॅसेंजरांनी ड्रायव्हरला उठवून मामूंना बसवलं, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. अजून कुणी खोटं म्हटलेलं नाही.

रुमाल पडला की सीट त्याची, मग माणूस खुशाल भजी खाऊन येवो, हा आपल्याकडचा कायदा. मामूंनी त्या दिवशी रुमालाऐवजी चामड्याची बॅग खिडकीतून आत टाकली. म्हणाले, "रुमाल कोणपण उडवील. बॅगेला हात लावायची हिंमत हाय काय कोणाची?"

बॅगेत पासपोर्ट, बोटीचं तिकीट आणि देवीची लस टोचल्याचा दाखला.

हा किस्सा सांगताना पुढचा भाग मी नेहमी गाळतो. मामू लगेच बसमध्ये चढणार होते. मीच त्यांना अडवलं. "मामू, सीट पकडलीत ना? मग घाई कसली? चहा घ्या." आणि चहाबरोबर वफ्र्याच्या मळ्यांतल्या टोमॅटोची गोष्ट लावली. टोमॅटो एवढा मोठा की मळ्यातून उचलायला आमच्या कंत्राटदाराची क्रेन मागवली! मामू पोट धरून हसत होते. गोष्टीत क्रेन पोचायच्या आधीच बस भरली. ड्रायव्हर 'यल्ला' म्हणाला आणि निघाला. आपला रुमालाचा कायदा त्या बिचाऱ्याला कुणी शिकवला होता?

पुढची बस दुपारची. टॅक्सी एक दिसेना. तास-दीड तासाने पाण्याच्या एका टँकरवाल्याने आम्हाला वर घेतलं. तो टँकर असा चालला की बाजूने जाणारा उंट आमच्याकडे दयेने बघत पुढे निघून गेला. मामू रस्त्याकडे डोळे लावून बसले. मी मात्र वाटभर बडबडत होतो.

शहरात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. स्टँडवर आमच्या बसचा ड्रायव्हर सापडला. भला माणूस! एका म्हातारीने बॅग वाटभर मांडीवर सांभाळून आणली होती आणि ड्रायव्हरने ती जशीच्या तशी ऑफिसात जमा केली होती. त्याने बोटाने दार दाखवलं. दाराला कुलूप. किल्लीवाला कारकून दुपारच्या सुट्टीत घरी गेलेला, आणि घर कुठे, तर पार लांब जहऱ्याला. ऑफिस चारला उघडणार.

खिडकीच्या गजांतून आत बघितलं. बॅग खुर्चीवर होती, पट्टे घट्ट लावलेली. चोराने नेली असती तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. सगळेच प्रामाणिक निघाले.

"मामू, कुलूप तोडतो मी."

"नको रे बाबा. कुलूप तोडलेल्या माणसाला बोटीवर घेतील काय?"

तरी बंदरावर गेलो. फाटकावरच्या पोलिसाने एकच गोष्ट मागितली, पासपोर्ट. मामूंनी त्याला खिशातलं, आईच्या आजारपणाचं पत्र दाखवलं. त्याने ते मराठी पत्र उलटसुलट करून बघितलं आणि परत केलं. दोनला बोटीचा भोंगा झाला. तो मुंबईपर्यंत ऐकू गेला असेल, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे फार मोठा नव्हता.

चारला कारकून आला. त्याने मामूंना बॅग समोर उघडायला लावली, सगळं आहे का बघा म्हणाला. सगळं होतं. पुढची बोट आठ दिवसांनी होती.

त्या आठ दिवसांत मी मेसमध्ये एकही गोष्ट सांगितली नाही. कुणी मागितलीही नाही. मामू रोजच्यासारखा स्वयंपाक करत होते, फक्त मीठ दोनदा पडायचं आणि आम्ही मुकाट्याने जेवायचो.

मग ते गेले. दोन महिन्यांनी परत आले आणि आल्या दिवशीच चुलीपाशी उभे राहिले. मी तांदळाचं पोतं पोचवायचं निमित्त करून आत गेलो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला तीन शब्द जुळवायला घाम फुटला.

"मामू, आई भेटली?"

त्यांनी डाळ ढवळली.

"नाय. मी पोचायच्या चार दिवस आधी माती दिली," ते म्हणाले. "पोतं तिथं ठेव."