खमिराची दसरापूजा

माझी मुलगी अकोल्याच्या कॉलेजात शिकवते आणि खमिरावर संशोधन करते. खमीर म्हणजे जिलेबीवाल्याच्या घमेल्यात फसफसतं ते. त्यात काय एवढं शोधायचं, असं लोक मला विचारतात. मी चौथी शिकलेली, तिनं सांगितलं तेवढंच सांगते. प्रत्येक जिवाच्या आत एक बारीक दोरा असतो. उन्हानं, विषानं तो तुटतो आणि जीव तो आतल्या आत रफू करतो. रफू जमलं नाही तर मरतो, नाहीतर रोग धरतो. माणसाचाही दोरा तसाच तुटतो. पण माणूस थाळीत ठेवता येत नाही, म्हणून खमीर.

ती अमरावतीला पीएचडी करत होती तेव्हाची ही गोष्ट. रफू न येणारं एक खमीर तिनं तयार केलं होतं. त्याच्यावर दोरा तोडणाऱ्या एका खास दिव्याचा मारा करायचा आणि लगेच थाळ्या पोळ्या बांधायच्या चंदेरी पन्नीत गुंडाळून अंधारात ठेवायच्या. कारण उजेड लागला की खमिरातला दुसराच एक कारागीर जागा होतो आणि तो रफू करून टाकतो. अंधारात खमीर मेलं, म्हणजे हिचं म्हणणं खरं. सरांनी सांगितलं होतं, एवढं दाखव आणि लिहायला बस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं थाळ्या गुंडाळल्या, उबेच्या कपाटात ठेवल्या आणि दर्यापूरच्या बसनं घरी आली. सण झाल्यावर मीही तिच्याबरोबर अमरावतीला गेले. मला चष्म्याचा नंबर काढायचा होता. आधी माझ्या थाळ्या पाहू, म्हणाली. पन्नी सोडली आणि रडायलाच लागली. थाळीभर पांढरे ठिपके.

"काय झालं वं?"

"माय, हे मरायले पाहिजे होतं. जित्तं हाये."

"जित्तं हाये तर रडून कावून राहिली?"

सर आले. थाळी उजेडाला धरून म्हणाले, "म्हणजे याला रफू येतं. सुरुवातीलाच चुकलं असेल. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." पहिल्यापासून म्हणजे दोन वर्षं.  पोरीनं थाळी पालथी केली, तर झाकणाच्या कडेला कुंकू.

तिनं शिपाईकाकांना हाक मारली. "काका, ह्याईची पूजा केली का?"

"केली ना बाई. दसऱ्याची सुट्टी, म्हणून आदल्या दिवशीच केली. तुमी बस धरायले गेल्या अन् मी लागलो. दिव्याची केली, कपाटाची केली, ह्याईची कावून सोडू? तुमचं पोट ह्याच्यावरच हाये ना?"

"पन्नी काढून?"

"मंग? झाकल्या देवाले कोनी फूल वाहते का?"

"अन् ठेवल्या कुठं?"

"खिडकीत. तिथं उजेड मस्त येते. दुपारी पुन्हा गुंडाळल्या, तुमच्यापेक्षा बऱ्या."

फुलं माझ्याच शेतातल्या झेंडूची होती. त्यांच्या पूजेसाठी बसच्या कंडक्टरच्या हाती मीच पिशवी पाठवली होती. पण पन्नी काढा असं मी काही झेंडूबरोबर सांगून पाठवलं नव्हतं.

पोरगी हसायला लागली. काकाही हसले, कशाला ते त्यांना कळलं नव्हतं. सर मात्र हसले नाहीत. "कुंकवानं काही सिद्ध होत नाही," म्हणाले. "पुन्हा करा. अर्ध्या अंधारात, अर्ध्या खिडकीत."

मी नंबर काढून, चष्मा घेऊन घरी आले. पोरीचं जेवणात लक्ष नाही, असं तिची खोलीतली मैत्रीण फोनवर सांगायची. तू उपाशी राहिल्यानं खमीर मरत नाही, असं मी पोरीला कळवलं.

मग एका सकाळी तिनं मोबाईलवर दोन फोटो पाठवले. एका थाळीत ठिपकेच ठिपके. दुसरीत मी नवा चष्मा लावून पाहिलं, पुसून पाहिलं, अंगणात जाऊन पाहिलं. शेवटी फोन केला.

"वं, तो चष्मेवाला लबाड निघाला. दुसऱ्या थाळीत मले काहीच दिसून नाही राहिलं."

"काही नाहीच हाये माय त्याच्यात!" ती इतक्या जोरानं ओरडली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "अंधारातलं एकही नाही जगलं! सर म्हणाले, लिहायले बस!"

"मंग बस," मी म्हटलं, आणि झेंडूला पाणी द्यायला गेले.