जुन्या फटफटीवरून गेलो, नवीवरून आलो

कोंडाण्याची लेणी बघायला याल तेव्हा बूट घालून या. चपला घातल्यात तर माझ्यासारख्या हातात धरून चालाल. पण लेणी शेवटी. आधी फटफटीचं सांगते, तिच्यामुळंच तर मी तिथं पोचले.

घरात टीव्ही आला त्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे हे कोंडाण्याहून भिवपुरीच्या पावरहाऊसला रोज फटफटीनं जायचे. जुनी, म्हशीसारखी जड, किक उलटली की घोट्याला हळद. शिळफाट्याच्या गॅरेजवाल्याकडं त्याच कंपनीची नवी आली होती. त्याचा निरोप आला, "जुनी हितं ठेवा, नवी एक दिवस घरी न्या. नाय पटली तर परत आणा."

हे म्हणाले, "तू पण चल गं. मागं बसणाऱ्याला जास्त कळतं."

एवढं विचारलं म्हटल्यावर मी भांडी तशीच टाकून लुगडं बदललं.

मला मात्र जुनीच हवी होती. घरात अकरा माणसं, नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर भिंतीआड सासूबाई. जुनीचा आवाज असा की मागच्याचं पुढच्याला काही ऐकू येत नसे. म्हणून चौदा वर्षं मी ह्यांच्या पाठीशी सगळं बोलून घ्यायचे. जावेचं, गुडघ्याचं, रागात असले तर ह्यांचंही. उतरेपर्यंत पोट हलकं. नवी आली की ते बंद होणार.

सकाळी सातला निघालो. तुम्हीही लवकरच निघा, नंतर ट्रकांची धूळ खात जावं लागतं. कापलेल्या भाताचा वास, दवानं ओला पदर. पळसदरीच्या तळ्यावर धुकं असं बसलेलं की पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं लागतं, कळेना. मला स्वप्नात असल्यासारखं झालं. ही शेवटची खेप म्हणून मी पाठीला सांगून टाकलं, "तुमी मला लई आवडता."

पाठ तशीच. पुढं म्हशी आल्या म्हणून ह्यांनी हॉर्न वाजवला.

शिळफाट्याला गरम वडे खाल्ले, चार बांधून घेतले. गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, बसून तर बघा. पाण्याचा पेला धरलात तरी सांडायचं नाय." जुनीला दोघांच्या दोन सीटा, मधे वीतभर अंतर. नवीला एकच लांब सीट. पहिल्याच ब्रेकला मी घसरून ह्यांना चिकटले. गॅरेजवाल्यानं सभ्य माणसासारखं दुसरीकडं बघितलं.

आणि आवाज? शिवणाच्या मशीनएवढा. माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. आणखी एक ऐकू आलं. हे गुणगुणत होते! चौदा वर्षं गुणगुणत असणार, मला कुठलं कळायला?

ऐकत ऐकत कर्जत मागं पडलं आणि सवयीनं माझं तोंड सुटलं. "पाठीला पिशव्या लावलेली पोरं लेण्यांची वाट विचारतात. मी दाखवते. स्वतः एकदाबी गेले नाय."

गुणगुणणं थांबलं. "कधी बोलली नायस?"

"दर खेपेला बोलते की! जुनीवर."

हे एवढे हसले की गाडी झोकांडली. "अजून काय काय बोललीस गं?"

"पुढं बघा, खड्डा हाय."

घर आलं, ह्यांनी गाडी वळवलीच नाही. रस्ता संपला तिथं ठेवली आणि रानातून वर निघालो. तासाभराची वाट, पाणी घरूनच न्या, वर काही मिळत नाही. लेणं म्हणजे डोंगराच्या पोटात कुणीतरी लाकडाचं घर बांधायला घेतलं आणि ते दगडाचं झालं, असं. थंडगार ओट्यावर बसून गार वडे खाल्ले. ह्यांनी विचारलं, "मग? कुठली ठेवायची?"

माझ्याच तोंडानं मी म्हणाले, "नवी."

घरी पोचलो तर सासूबाई दारात. "शिळफाटा एवढा लांब कधी गेला गं?"

आता ह्यांनी ऐंशी ओलांडली. कान गेलेत, कानाला लावायचं मशीन कपाटात पडून असतं. मला गुपचूप आनंद झालाय, जुनी फटफटी परत मिळाल्यासारखा. परवा हे ओट्यावर पेपर वाचत होते, तेव्हा पळसदरीचं ते वाक्य पुन्हा म्हटलं.

"काय गं?"

"काय नाय. चहा ठेवते."

हे परत पेपरात शिरले आणि गुणगुणायला लागले. माझे कान अजून शाबूत आहेत.