नायलॉनचा सांधा

"हात कोणता?" दुकानदाराने विचारलं.

नागपूरला एका गल्लीत मासेमारीचं सामान विकणारं छोटं दुकान आहे. निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे गेलो होतो. लहानपणानंतर गरी हातात धरली नव्हती. आमच्याकडे गरी म्हणजे बांबूची काठी, तिला दोरा आणि टोकाला गळ. इथे भिंतीला रांगेने टेकवलेल्या चकचकीत काठ्या होत्या आणि काचेच्या कपाटात रिळं. रिळाची मूठ डाव्या बाजूला ठेवता येते किंवा उजव्या, म्हणून त्याने हात विचारला होता.

"डावा," मी म्हणालो. "उजवा चालत नाही."

त्याने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी तो पँटच्या खिशात कोंबून डाव्या हातानेच एकेक काठी उचलून बघत होतो.

"सर, खिशातला हात तं काढा. इथं कोनी पाकीट मारत नाई."

"माझा नाही, मोठ्या भावाचा. लकवा मारला."

तो थोडा ओशाळला. मग त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि पंखा माझ्याकडे फिरवला.

दादाला लकवा मारला तो आदल्या हिवाळ्यात, मागावरच. आम्ही आंधळगावचे. आमच्या घरात कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. वडील गेले तेव्हा दादा नववीत होता. त्याने शाळा सोडली आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, आणि मी शिकत गेलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. मास्तर झालो, जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा गोंदियाकडच्या शाळेत होतो, पुढे बदली घेऊन साकोलीला आलो आणि तिथेच घर केलं. जे काही झालो ते त्या मागाच्या आवाजावर झालो. हे मी शाळेच्या निरोपसमारंभात बोललोही होतो. दादा पहिल्या रांगेत होता आणि सगळ्यांदेखत जांभई देत होता.

लकव्यानंतर मी दर रविवारी गावी जाऊ लागलो. जीभ थोडी सैल झाली तसं त्याने एकच मागितलं.

"तलावावर जाऊ गा एकदा."

"जाऊ की. मासे पाहत बसू."

"पाहाले कायले? पकडू. मासोरी नाई भेटली तरी चालते. हाताले हिसका पायजे."

तो हिसका त्याला मिळवून द्यायचा, एवढ्यासाठी मी नागपूरच्या त्या स्टुलावर बसलो होतो.

दुकानदाराने आधी स्प्रिंगचं एक यंत्र दाखवलं. मासा लागला की ते आपोआप काठी मागे खेचतं. "एका हातवाल्यासाठी हे बेस्ट. तुमी च्या पेत बसा." मी नको म्हणालो. हिसका यंत्राला बसणार असेल तर दादा तिथे कशाला? मग बिनरिळाची, एकात एक सरकणारी लांब काठी दाखवली. ती आमच्या जुन्या गरीसारखीच होती, पण मासा लागल्यावर उचलायला दोन हात हवेत. कार्बनची काठी पिसासारखी हलकी, पण दगडावर आपटली तर तडकते म्हणाला. शेवटी मी काचतंतूची आखूड काठी घेतली. बुडाशी जाड, शेंड्याला इतकी मऊ की लहान माशानेही वाकावी. रीळ मध्यम घेतलं, मूठ डावीकडे. स्वतःसाठीही तसाच जोड घेतला, म्हणजे दादाला आपल्यासाठी वेगळं आणलंय असं वाटू नये.

साकोलीत वेल्डरकडून लोखंडी खुर्चीच्या उजव्या हाताला पाइपाचा तुकडा तिरपा जोडून घेतला. काठीचं बूड पाइपात, डावा हात मोकळा. आधी बोट दोऱ्यावर ठेवायचं, हिसका बसला की मूठ फिरवायची. वेल्डर म्हणाला, "गुरुजी, हे तोफ होय का?"

रविवारी ते सगळं घेऊन बसमधून उतरलो तेव्हा वहिनी दारातच उभी होती.

"भाऊजी, यायच्या तोंडात घास मी घालून राहिली, अन् तुमी यायले शिकारीले नेता?"

"तू मसाला वाटून ठेव," दादा आतून म्हणाला.

"वाटते ना. दोघं भाऊ मिळून एक चिंगरी आनता का पाहाते."

दादाने रीळ मांडीवर घेतलं. डाव्या हाताने मूठ फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली. "हे तं आपला कांडीचा चरखाच होय." बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत कांडीवर भरायचा चरखा आमची आई चालवत असे. मग त्याने नायलॉनचा दोरा चिमटीत धरून ओढून पाहिला, जसा ताण्याचा उभा धागा पाहायचा.

"बारीक हाय. मजबूत बी हाय. पन याच्यात पीळ नाई."

दुकानातून आणलेल्या गळाला वीतभर नायलॉन आधीच बांधलेलं होतं. ते रिळाच्या दोऱ्याला जोडायचं होतं. मी गाठ मारायला हात पुढे केला तर त्याने तो बाजूला केला.

आमच्या घरात तुटलेला धागा गाठ मारून जोडत नाहीत. गाठ मागाच्या फणीत अडकते आणि कापडात दिसते. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पीळ द्यायचा, वरून कोशाच्या एकेरी तंतूचे वेढे घ्यायचे आणि खळ, म्हणजे धाग्याला लावायची पेज, चोळून सुकवायचं. लहानपणी आमच्या गरीचा दोराही कोशाचाच असे. उरलेसुरले तुकडे दादा असेच सांधायचा. त्याचा सांधा कधी सुटला नाही. गावात लोक म्हणायचे, याच्या कापडात धागा कुठे तुटला होता ते याच्या बापालाही सापडणार नाही.

"दादा, नायलॉनला गाठच लागते," मी म्हणालो.

"तू पोराईले सिकव."

त्याने एक टोक दातांत धरलं आणि दुसरं डाव्या अंगठ्याखाली, मांडीवर. कितीदा निसटलं. वहिनी मदतीला वाकली तर तिच्यावर डोळे वटारले. घाम येईपर्यंत तो त्यात गुंतला होता. शेवटी सांधा झाला. उन्हात सुकवून त्याने तो ओढून पाहिला, मलाही ओढायला लावला. सुटला नाही. लकव्यानंतर त्या हाताने केलेलं ते पहिलं काम. तो अर्ध्या तोंडाने हसला आणि वहिनीला म्हणाला, "मागावरचं फडकं काढ वो. परवापासून बसून पाहातो."

मागावर टाकलेलं जुनं लुगडं वहिनीने त्याच वेळी काढलं. धूळसुद्धा पुसली.

तलाव गावाबाहेर आहे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाच्या सावलीत खुर्ची मांडली, कणकेची गोळी गळाला लावली. गळ पाण्यात मी टाकला, मग काठीचं बूड पाइपात बसवलं. दोऱ्यावर दादाचं बोट. मी माझी गरी टाकून थोडं अंतर ठेवून बसलो. लहानपणापासूनच तो तलावावर बोलू देत नसे.

ऊन कलल्यावर त्याची काठी एकदम वाकली. शेंडा जवळजवळ पाण्याला लागला.

"धरला गा!" दादा ओरडला. इतका स्पष्ट शब्द त्याच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी ऐकला. रीळ करकरलं. तो डाव्या हाताने मूठ फिरवत होता, थांबत होता, दोरा जाऊ देत होता, पुन्हा फिरवत होता, जणू कालपर्यंत हेच करत होता. पाण्यात एकदा रुंद चंदेरी पाठ दिसली. रोहू असावा. मी उभा राहिलो, पण हात लावला नाही.

मग काठी सरळ झाली.

दोरा हलकाच आला. त्याने टोक बोटांत घेऊन पाहिलं. तुटलेलं नव्हतं. टोक गुळगुळीत होतं, कोशाच्या तंतूचे दोन ओले वेढे त्याला चिकटलेले.

"सांधा सुटला," तो म्हणाला.

"नायलॉन आहे, दादा. त्याला पीळ बसत नाही. पाण्यात खळही विरघळते. तुझा हात..."

"पह्यले पान्यात नाई सुटला कधी."

"पहिले दोरा कोशाचा होता."

"समजते गा मले," तो म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसं मी बोलत होतो आणि लहान मुलाची समजूत पटल्यासारखं तो बोलला. डावा हात त्याने मांडीवर उलटा ठेवला आणि घरी येईपर्यंत तिथून हलवला नाही.

वहिनीने मसाला वाटून ठेवला होता. त्यात तिने वांगी शिजवली. त्या दिवशी कुणाला काही चिडवलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर माग नव्हता. दादाने माणसं बोलावून तो सोडवून घेतला होता. खड्ड्यात माती भरून वर शेण सारवलं होतं आणि त्या जागी त्याची खाट टाकली होती. "जागा अडून होती," एवढंच तो म्हणाला.

दोष त्याच्या हाताचा नाही हे दाखवायला मी त्याच्यासमोर बसून नायलॉनची दोन टोकं घेतली. माझे दोन्ही हात धडधाकट. पीळ दिला, तंतू गुंडाळला, खळ लावली, सुकवलं, पाण्यात बुडवून ओढलं. सुटलं. "पाहा," मी म्हणालो, "माझाही सुटला."

दादा खूप दिवसांनी हसला. "तुले कधी येत होतं?"

खरंच होतं ते. मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी सांधायला बसलो की वडील माझ्या हातातून धागा काढून पुस्तक द्यायचे.

गावात तो सांधा येणारे एक म्हातारे काका उरले होते, आमच्या शेजारचेच. ते तेव्हा मुलीकडे चिखल्याला होते. ते परतले की त्यांना दादासमोर बसवायचं असं मी ठरवलं होतं. दादाला दुसरा झटका आला आणि तो गेला, तेव्हा ते अजून परतले नव्हते.

काका आले ते भेटायला. दादाच्या खाटेच्या जागी सतरंजी होती, तिच्यावर बसले, वहिनीशी दोन शब्द बोलले. त्या वेळी करू नये असं काम मी केलं. कोपऱ्यातून गरी आणली, दोरा कापून दोन टोकं त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "काका, हे सांधून द्या."

त्यांनी कायले म्हणून विचारलं नाही. वहिनीने खळीची जुनी वाटी आणि कोशाची लड शोधून दिली. सांधा सुरेख झाला. अंगणातल्या उन्हात सुकवला. मी तो तांब्यातल्या पाण्यात सोडला, थोडा वेळ थांबलो आणि त्यांनाच ओढायला सांगितलं.

दोन्ही टोकं त्यांच्या दोन हातांत सुटी आली.

"नाई बसत, गुरुजी," काका म्हणाले. "कोसा कोशाले धरते. हे कोनाले धरत नाई. याच्यात पीळच नाई."

वहिनी दाराशी उभी होती. डोक्यावरचा पदर तिने दातांत धरला होता. ती आधी काकांच्या हातांकडे पाहत राहिली, मग सारवलेल्या जमिनीकडे.

"मंग माग काहून काढला यायनं?" ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माग निघाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती दोन टोकं पुन्हा एकमेकांवर ठेवली आणि अंगठ्याने हळूहळू पीळ देत बसले.