पुरे म्हणण्याचं कार्ड

मीनलताई बोलत नाहीत. चौथ्या रुमालाची घडी घालून त्यांनी ‘पुरे’ लिहिलेलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. ऑटिझम असलेल्यांना शिकवण्याच्या आमच्या कोर्सची ती माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती; मीनलताईंकडून दहा रुमालांच्या घड्या घालून घ्यायच्या होत्या. कार्ड वापरायला महिनाभर मीच त्यांना शिकवलं होतं. मी पुढचा रुमाल दिला नाही.

“अगं, दहापैकी सहा राहिलेत की!” परीक्षक बाई म्हणाल्या.

“त्यांनी पुरे म्हटलंय, मॅडम.”

“मग मी मार्क कशाचे देऊ?”

शिकवणं साधलं म्हणून मी नापास होणार का? की मीनलताईंना थोडं समजावायला हवं होतं? मला स्वतःला कुणाला असं थांबवणं कधी जमलेलंच नाही. मीनलताई उठून पंख्याखाली डोळे मिटून उभ्या राहिल्या. आम्हा तिघींत पुढे काय करायचं, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.