सोपं करून सांगणाऱ्या बाई

बाईंनी पहिल्याच भेटीत माझा हात मोजला. आमची वरची खोली भाड्याने बघायला त्या आल्या होत्या. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर पेला बाजूला ठेवून म्हणाल्या, "तो हात तसाच धर ग जरा," आणि पर्समधून शिंप्याची टेप काढून त्यांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घेतलं, वहीत टिपलं आणि मगच पाणी प्यायल्या. मला वाटलं, बाई शिवणकाम करत असतील. माझ्या वडिलांना, नानांना, वाटलं की त्या भविष्य सांगतात. नाना पाठशाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे शिक्षक. भविष्यवाल्यांचा त्यांना भयंकर तिटकारा, त्यामुळे खोली जवळजवळ हातची गेलीच होती.

बाई लिहीत होत्या पुस्तकं. बायबल वाचताना अडलं तर उघडून बघायची, सोप्या मराठीतली पुस्तकं. बायबलात लांबी 'हातां'नी मोजतात. मग हात म्हणजे नेमका केवढा, हे वाचकाला कळायला हवं, म्हणून बाई दिसेल त्याचा हात मोजत. बालाजी घाटाच्या आमच्या गल्लीत दूधवाला, धोबी, देवळातले पुजारी, कुणीही सुटलं नाही. एका मल्लाहाने, म्हणजे नावाड्याने, टेप बघून विचारलं होतं, "का मैडम, कुर्ता सिलवाएँगी का हमारा?" त्याचं नाव बाईंच्या एका पुस्तकाच्या आभारांत आहे. पुस्तकात शेवटी एवढंच छापलं गेलं: "हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपल्याच हाताने मोजून पाहा. थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल." एवढ्या दोनतीन वाक्यांसाठी सगळी गल्ली मोजून झाली होती.

त्या नगरकडच्या ख्रिस्ती. यजमान रेल्वेत होते, म्हणून बनारसला आल्या आणि एका शाळेत भूगोल शिकवत राहिल्या. यजमान गेल्यावर मुलगा पुण्याला बोलवत होता, पण बाईंना आधी पुस्तक पुरं करायचं होतं. छावणीतलं घर सोडून त्या आमच्या मराठी वस्तीत खोली शोधू लागल्या. नानांनी विचारलं, इकडेच कशाला? तर म्हणाल्या, "मराठी कानावर पडलं नाही, तर मराठीत लिहू कशी?"

कानावर पडायला लागल्यावर मात्र त्या हवालदिल झाल्या. आमची मराठी ती काय! मी छतावर कपडे 'फैलवायला' जाई, आमचं दूध 'उबळायचं', आणि नानांसारखे पंडितसुद्धा 'सबेरे सबेरे नहाऊन' येत. बाईंनी या शब्दांची एक यादी दारामागे चिकटवली होती, आपल्या लिहिण्यात चुकून येऊ नयेत म्हणून. तरीही 'मान्ना', म्हणजे आकाशातून पडलेलं अन्न, या नोंदीत इस्राएली लोकांनी वाळवंटात 'नाश्ता' केला, तो केलाच.

लिहायच्या त्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला मोशे डोंगरावर चढतोय आणि उलटावं तर 'गंगेच्या मैदानाची वैशिष्ट्ये लिहा'. पहिलं पुस्तक वजनं आणि मापांचं, दुसरं गावांचं, तिसरं झाडांचं आणि जनावरांचं. तिन्ही पुस्तकं मिळून माझ्या हातात मावतील एवढीशी. पुण्याकडच्या एका छोट्या प्रकाशनाने ती काढली होती, आणि कुठल्याशा खेड्यातून एखादं पोस्टकार्ड आलं की बाई ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत, मग शेजाऱ्यांना, मग भाजीवालीला. भाजीवालीला मराठी येत नव्हतं. तिला त्या अर्थ सांगत.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची आई मोठेपणी वाचायला शिकली. रोज बोट ठेवून बायबल वाचायची आणि 'एफा' आला की थांबायची. एफा म्हणजे काय, हे तिने एका प्रवचन करणाऱ्याला विचारलं. त्याने जे उत्तर दिलं त्यात एफापेक्षा अवघड असे चार शब्द होते. "आई मान हलवून गप्प बसली," बाई म्हणाल्या. "तिला कळलं नाही, हे मला कळत होतं. नुसतं 'धान्य मोजायचं मोठं माप' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

एके सकाळी मी देवळातून परतत होते, तर बाई घाटावरून पावलं मोजत संकठा घाटाच्या दिशेने चाललेल्या. नोहाचं तारू, म्हणजे बायबलातल्या महापुरातलं जहाज, केवढं लांब होतं ते त्या बघत होत्या. अधेमध्ये एके ठिकाणी थांबून त्यांनी काठी टेकली आणि मला ओरडून सांगितलं, "इथपर्यंत आलं बघ तारू!" तिथे अंगाला साबण लावून बसलेला एक गृहस्थ दचकून उठला आणि नदीकडे बघत बाजूला सरकला.

आता नानांबद्दल. शब्द जितका मोठा तितका तो नानांना पवित्र वाटे. बाईंच्या नोंदी वाचायला घेतल्या तेव्हा त्यांचा पाराच चढला. "बाई, 'प्रायश्चित्त' म्हणजे 'चूक भरून काढणं'? हा शब्दाचा अपमान आहे."

"शास्त्रीबुवा, शब्दाला राग आला तर मी त्याची समजूत काढीन. वाचणाऱ्याने पुस्तक मिटलं तर मी काय करू?"

रोज संध्याकाळी पाच वाजता हे भांडण सुरू व्हायचं. नाना शब्द घालायचे, बाई काढायच्या. रविवारी तेवढी सुट्टी. त्या दिवशी बाई प्रार्थनेला छावणीत जात, तिथेच मैत्रिणीकडे मासे जेवत आणि मूठभर बडीशेप चघळत घरी येत. आपल्याला काही कळत नाही असं नाना दाखवत. पण सोमवारी त्यांची टीका जरा जास्त तिखट असे.

पाचसहा वर्षांनी बायबलातल्या शब्दांचा मोठा कोश तयार झाला. अ पासून ज्ञ पर्यंत, एका दोरीने बांधलेला गठ्ठा. तो प्रकाशनाकडे गेला आणि चार महिन्यांनी परत आला. सोबत पत्र: तज्ज्ञांच्या मते भाषा फारच घरगुती आहे, संदर्भग्रंथाला शोभेशी नाही, लेखिकेने पुन्हा लिहावा.

बाईंनी पत्र आम्हाला वाचून दाखवलं नाही. टेबलावर ठेवून त्या वर गेल्या. दोन दिवस जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं नाही. पाच वाजले की नाना अंगणात येरझारा घालायचे, वर बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दौत काढली आणि प्रकाशनाला पत्र लिहायला बसले. मला म्हणाले, "वर नेऊन दे. म्हणावं, पाठवतोय. एकदा नजर घाला."

दीड पानांचं पत्र आणि त्यात पूर्णविराम एकच. 'प्रस्तुत ग्रंथाच्या भाषासरणीविषयी आपल्या मान्यवर परीक्षकांनी व्यक्त केलेल्या अभिप्रायाच्या अनुषंगाने' अशी सुरुवात होती. बाईंनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग उशाची चष्म्याची डबी उघडली आणि म्हणाल्या, "लाल पेन दे."

अर्ध्या तासाने त्या स्वतः खाली आल्या. पत्रात चार ओळी उरल्या होत्या: "मी काशीतला म्हातारा शास्त्री आहे. तुमच्या धर्माचा नाही. हा कोश मी सगळा वाचला आणि मला सगळा कळला. तो बदलू नका."

नानांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "यात माझं काय राहिलं?"

"सही," बाई म्हणाल्या.

नानांनी सही केली. चार ओळींच्या पत्रावरही सही अडीच इंच लांब होती, ती मात्र बाईंनी राहू दिली. पत्र गेलं, आणि पुढच्या वर्षी कोश छापून आला. तो नानांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि मुद्रणाच्या अकरा चुका काढून बाईंच्या हातावर ठेवल्या. त्यांच्याकडून झालेलं ते एवढंच अभिनंदन. बाई दिवसभर ती यादी घेऊन गल्लीत हिंडत होत्या.

नाना त्यानंतर दोन वर्षं होते. त्यांना मणिकर्णिकेला नेलं त्या दिवशी बाई माझ्याजवळ उंबऱ्यात बसून राहिल्या. माझा हात त्यांनी हातात धरला होता. तेराव्या दिवशी म्हणाल्या, "आता माझं चुकलं म्हणणार कोण ग?" महिन्याभराने मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. डोळेही अधू झाले होते. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून मला बजावलं, "रविवारी फोन करीन. कोशाची दुसरी आवृत्ती करायची आहे."

दर रविवारी फोन यायचा. सून नोंदी लिहून घेई आणि बाई तोंडपाठ म्हणून दाखवत. मी बँकेतली बाई, मला त्यातलं काय कळणार? मी आपली "छान आहे, बाई," म्हणायचे. काही महिने त्यांनी ऐकून घेतलं आणि एका रविवारी चिडल्याच. "तू फार चांगली आहेस ग, वृंदा. काही उपयोग नाही तुझा."

मला ते लागलं. पुढच्या रविवारी त्या 'श' वर आल्या होत्या. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्यांनी नोंद म्हटली: सृष्टीची निर्मिती, आज्ञा, आठवडा, सगळं एका लांबलचक वाक्यात. आयुष्यात एक दिवस स्वस्थ न बसलेल्या बाईला विश्रांती कशी सांगता येणार? मी धीर केला.

"बाई, हे मला नाही कळलं."

मला वाटलं, दुखावल्या. मग आवाज आला, वीस वर्षांनी लहान झालेला. "कुठलं? कुठलं वाक्य? पहिल्यापासून सांग."

आठवडाभर त्या त्या एका नोंदीवर बसल्या. रविवारी फोनवर आधी खाकरल्या आणि म्हणाल्या, "शब्बाथ. काम उरलेलं असताना थांबायचा दिवस."

"कळलं," मी म्हटलं.

"नक्की? का चांगुलपणा करतेस?"

"नक्की, बाई."

"मग पुढच्या रविवारी 'स' घेऊ."

तो रविवार आला नाही. गुरुवारी दुपारी झोपेतच त्या गेल्या. मुलाने फोन केला तेव्हा मी बँकेत होते.

दुसरी आवृत्ती या वर्षी निघाली. 'श' पर्यंत सगळं नवं आहे, 'स' पासून पुढे जुनंच. 'स' मध्ये एक वाक्य चांगलं चार ओळींचं आहे. मी तीनदा वाचलं, मला कळलं नाही. समासात पेन्सिलीने तशी खूण करून ठेवली आहे.