तिसरा कप्पा

सुनीती आपटे वाघोलीच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत बावीस वर्षं संगणकांची प्रयोगशाळा सांभाळत होत्या. निवृत्तीला वर्ष उरलं असताना संस्थेने त्यांना नेटवर्किंगची मराठी पुस्तिका लिहायला सांगितली. चार प्रकरणं लिहून झाली होती.

त्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती. कर्वेनगरहून निघालेल्या सुनीतीबाई रस्त्यात अडकल्या, म्हणून त्यांनी यवतमाळहून येऊन प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्या अक्षताला फोन केला.

“सर्व्हर बदललाय. प्रत्येक मशीनचा पत्ता १९२.१६८.१ असा सुरू होतो ना? त्यातला तिसरा अंक पाच कर.”

“करते, मॅडम.”

त्या पोचल्या तेव्हा एकही मशीन सर्व्हरला जोडलं जात नव्हतं. पडद्यावर पत्ता होता १९५.१६८.१.२४; हवा होता १९२.१६८.५.२४.

“अगं, हे काय करून ठेवलंस?” परीक्षेला आलेल्या मुलांदेखत त्या ओरडल्या.

अक्षताचा चेहरा उतरला. “मॅडम, एक, नऊ, दोन. तिसरा अंक दोन, त्याचा पाच केला. एकशे ब्याण्णव ही तर संख्या झाली ना?”

सुनीतीबाईंना आपली चूक उमगली. पुस्तिकेतही त्यांनी जिथे तिथे ‘अंक’च लिहिलं होतं. दोघींनी मिळून वीस मशीन दुरुस्त केली. परीक्षा चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली. त्याआधी सुनीतीबाई मुलांना म्हणाल्या, “उशीर माझ्यामुळे झाला. अक्षता मॅडमनी मी सांगितलं तेच केलं.”

मग नव्या शब्दाचा शोध सुरू झाला. पुस्तिकेचे संपादक पुष्कर लेले म्हणाले, “अष्टक लिहा. प्रत्येक भागात आठ बिट असतात. शास्त्रशुद्ध आहे.”

“आहे हो. पण मुलं आठ आकडे शोधत बसतील. आणि नव्या पद्धतीच्या पत्त्यात भागच आठ असतात, तिथे काय म्हणायचं? मी कप्पा लिहिणार.”

“पुस्तिका आहे की कपाट?”

“कपाटात वस्तू सापडतात तरी.”

त्यांनी चारही प्रकरणं पुन्हा लिहिली. ‘टिंबांनी वेगळी केलेली प्रत्येक संख्या म्हणजे पत्त्याचा एक कप्पा,’ हे वाक्य पहिल्याच पानावर घातलं. मसुद्याचं प्रत्येक पान आधी अक्षताने वाचायचं आणि अडेल तिथे खूण करायची, असं ठरलं. तिने सदतीस खुणा केल्या. सुनीतीबाईंनी त्यातल्या एकतीस मान्य केल्या, उरलेल्या सहांवर दोघी दुपारभर वाद घालत बसल्या.

पुस्तिका छापून आली तेव्हा लेखिकांची नावं दोन होती.