गोवर्धन आणि पाणकोंबडी

भगवती मिसचे फोटो कांप दे मास्क गावात प्रसिद्ध होते, पण चांगले म्हणून नव्हे. विलायतेत नर्स असलेल्या भावाने कॅमेरा पाठवल्यापासून ती दर रविवारी पदर खोचून बापाच्या दांड्याच्या सायकलीवर बसायची आणि कालव्याच्या कडेकडेने पाखरांमागे हिंडायची. रोल धुऊन आला की कुणाची शेपटी, कुणाचा अर्धा पंख, एकदा तर नुसता स्वतःचा अंगठा. शाळेत मराठीच्या तासाला पोरं तिला चळाचळा कापत. पाखरं मात्र भीक घालत नसत.

१९७८च्या ऑक्टोबरात तिला लव्हाळ्यात पाणकोंबडीचं घरटं सापडलं. गावात या पक्ष्याला पूल दो म्हणतात. सहा अंडी, वर बसलेली लाल कपाळाची आई. रोलमधला शेवटचा फोटो तिने पिल्लांसाठी राखून ठेवला.

पुढच्याच शनिवारी कालव्याचा मुकादम गोवर्धन टोळी घेऊन लव्हाळं कापायला निघाला. भगवतीने त्याला वाटेतच गाठलं.

"कालव्याच्या वरच्या अंगाला पाणकोंबडीचं घरटं आहे. तेवढं लव्हाळं सोडा."

"आयो मिस! फोटो दाखवा की."

फोटो कॅमेऱ्यातच अडकलेले. पोर्ट लुईहून धुऊन यायला आठवडा लागणार.

"आले तरी शेपटीच दिसंल," गोवर्धन म्हणाला. टोळी खो खो हसली.

भगवतीचं डोकं फिरलं. "बसा मागे. आपल्या डोळ्यांनी बघा."

"मी? बाईमान्साच्या मागं सायकलवर?"

पण टोळीसमोर माघार कशी घ्यायची? मांडीवर कोयता घेऊन तो धिप्पाड गडी कॅरियरवर बसला. सायकल झोकांड्या खात निघाली. वांग्याच्या मळ्यात राबणारी चंद्रकला ओरडली, "बॉनदिए! मिस, वरात कुठं चालली?" गोवर्धन कानापर्यंत लाल झाला.

घरट्यापाशी त्याने हलक्या हाताने लव्हाळं बाजूला केलं. पाणकोंबडी उडाली नाही. अंडी पोटाखाली धरून त्याच्याकडे बघत राहिली. गोवर्धनने कोयता खाली ठेवला, लव्हाळं पुन्हा सारखं केलं आणि घरट्याकडे पाठ करून तिथंच फतकल मारली. भगवती दम लागून भात्यासारखी धापत होती. त्याने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. तिनेही काही विचार न करता बटण दाबलं, आणि राखून ठेवलेला फोटो संपला.

टोळी वर आली तरी तो तसाच बसलेला.

"हितलं सोडा. पुढून कापा."

"शेफनं, वरच्या सायबानं विचारलं तर?"

"माझं नाव सांगा."

आठवड्याने रोल आला. भगवतीच्या आयुष्यातला पहिला स्वच्छ फोटो: मिशी, बोट, कोयता, सगळं लख्ख. तिला इतका आनंद झाला की ती तशीच सायकल हाणत कालव्यावर गेली.

गोवर्धनने फोटो उलटसुलट करून पाहिला.

"मिस, यात पूल दो कुठाय?"

"तुमच्या मागे."

त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"दिसत नाय ना? मग मी बरोबर बसलो व्हतो."